शाळेची परसबाग: मुलांच्या हाताच्या मापाने, शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे

ऑगस्टमध्ये कुठल्याही शाळेची परसबाग हिरवीगार असते. तिची खरी परीक्षा दोनदा होते. एकदा दिवाळीच्या सुट्टीत, आणि दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये, जेव्हा बोअरवेलचं पाणी खाली जातं आणि वर्षभर बाग सांभाळणारे शिक्षक परीक्षेच्या कामात अडकतात. शाळेतल्या बहुतेक बागा किडीने मरत नाहीत, सुट्टीने मरतात. म्हणून शेतीचं वेळापत्रक शाळेवर लादण्याऐवजी शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून पिकं निवडावीत. आणि बागेचं माप ठरवावं मुलांच्या हातावरून, उपलब्ध जागेवरून नव्हे.

ही माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहे, जिथे दुपारचं जेवण शाळेतच शिजतं आणि मागे थोडी मोकळी जागा असते.

जागा आणि माप

वाफा ३ मीटर लांब आणि ७५ सेंटिमीटर रुंद ठेवा. शेतीच्या पुस्तकात गादीवाफा एक मीटर किंवा त्याहून रुंद दाखवतात, ते मोठ्या माणसाचं माप. तिसरी-चौथीतलं मूल काठावर बसून आत ३५-४० सेंटिमीटरपर्यंतच नीट हात पोचवू शकतं. त्यापलीकडे पोचायला ते वाफ्यात पाय ठेवतं, भुसभुशीत केलेली माती पुन्हा चेपते आणि गाजर, मुळा वेडेवाकडे येतात. लांबीचा हिशोबही मुलांचाच आहे: एका बाजूला पाच मुलं बसली तर प्रत्येकाला ६० सेंटिमीटर मिळतात, दोन्ही बाजू मिळून दहा. चाळीसच्या वर्गाचे चार गट आणि चार वाफे. वाफ्यांमध्ये ६० सेंटिमीटरची वाट ठेवली तर एवढ्याला ६ × ४.२ मीटर, म्हणजे साधारण २५ चौरस मीटर जागा लागते. पहिल्या वर्षी याहून मोठी बाग करू नका. दहा वाफे आखून त्यातल्या सहांत गवत वाढलं की मुलांचं मन उडतं. वर्गात चाकाच्या खुर्चीवर येणारं मूल असेल तर एक वाट एक मीटर रुंद, मुरूम ठोकून टणक केलेली हवी.

जागेला रोज सहा तास ऊन हवं. हे एकदा पाहून ठरवू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि इमारतीची सावली उत्तरेला लांब पडते, त्यामुळे जूनमध्ये उन्हात असलेला उत्तरेकडचा कोपरा डिसेंबरमध्ये दिवसभर सावलीत असतो. मुलांनाच हे काम द्या. दर दोन तासांनी सावलीच्या कडेवर चुन्याची फक्की टाकायची आणि महिन्याने पुन्हा पाहायचं. बागेचा हाच पहिला धडा. कडुनिंब, चिंच, शिरीष अशा मोठ्या झाडाच्या घेराखाली भाजी लावू नका. सावलीपेक्षा त्याची मुळं जास्त त्रास देतात. वाफ्याला दिलेलं पाणी आणि खत तीच ओढून घेतात.

वाफा घाटावर, म्हणजे पठारी भागात, २० सेंटिमीटर उंच पुरतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर ३० सेंटिमीटर हवा, नाहीतर जुलैत मुळं पाण्यात उभी राहतात. २० सेंटिमीटर उंचीच्या एका वाफ्यात ४५० लिटर माती बसते. १२ लिटरचं घमेलं धरलं तर ३७-३८ घमेली. त्यात २५ घमेली माती आणि १२ घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घाला. काळी चिकण माती असेल तर मातीतली चार-पाच घमेली कमी करून तेवढीच जाडी वाळू किंवा भाताचं तूस मिसळा. जांभ्या मातीत वाळू नको, तिला सेंद्रिय खतच जास्त द्या. शेणखत ताजं वापरलं तर हुमणीच्या अळ्या आणि गवताचं बी, दोन्ही वाफ्यात आणाल. कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसाच्या मातीसारखा येतो.

काळ्या जमिनीत पावसानंतर लगेच मुलांना खुरपायला लावू नका. वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून गोळा केला आणि बोटाने ढकलल्यावर तो फुटला तर वाफसा आला आहे. नुसताच दबला तर आणखी एक-दोन दिवस थांबा, नाहीतर वाळल्यावर विटेसारखी ढेकळं निघतात.

पाणी

हिवाळ्यात वाफ्याला चौरस मीटरमागे ४-५ लिटर पाणी रोज लागतं. म्हणजे एका वाफ्याला १० लिटर, ५ लिटरच्या दोन झाऱ्या. मार्च-एप्रिलमध्ये ते १५ लिटरपर्यंत जातं. भरलेल्या झारीचं वजन ५ किलोच्या वर असतं, पहिली-दुसरीच्या मुलांना ते जड आहे. त्यांना २ लिटरची लहान झारी द्या, किंवा बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईने भोकं पाडून घ्या (सुईचं काम मोठ्यांचं).

हात धुण्याचं पाणी वाया जाऊ देऊ नका. १०० मुलांनी जेवणाआधी आणि नंतर अर्धा-अर्धा लिटर वापरलं तरी रोज १०० लिटर होतं. ते साबणाचं असल्यामुळे पालेभाजीवर किंवा कच्च्या खाण्याच्या भाजीवर सोडू नका. केळी, पपई, कर्दळ यांच्या आळ्यात सोडा. वाटेत विटांच्या तुकड्यांचा आणि खडीचा एक शोषखड्डा ठेवा. ताटं धुतलेलं खरकटं पाणी मात्र वेगळंच काढा. त्यातली शितं दोन दिवसांत आंबतात आणि उंदीर येतात.

ठिबक बसवायचं असेल तर शाळेत वीज आणि पंप लागेलच असं नाही. ५०० लिटरची टाकी १.५ मीटर उंच ओट्यावर ठेवली की उताराने पाणी जातं. पण त्याला दाब फार कमी असतो, म्हणून दाब-नियंत्रित ड्रिपर त्यावर चालत नाहीत. साधे ड्रिपर घ्या, नळ्या छोट्या आणि सपाट जमिनीवर ठेवा. टाकीच्या तोंडाशी जाळीची गाळणी लावा आणि टाकी काळी किंवा पूर्ण झाकलेली असू द्या. उजेड मिळाला की शेवाळ येतं, आणि ड्रिपर तुंबतात ते शेवाळानेच.

कुठलाही पिंप, हौद, ड्रम झाकणाशिवाय नको. लहान मूल वाकून आत पडू शकतं, हे पहिलं कारण. दुसरं, आठ-दहा दिवस साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढून उडून जातो. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून कोरड्या करायच्या, हे काम एका गटाला नेमून द्या.

शेडनेट हवं, काचघर नको

परदेशातल्या शाळांची काचेची हरितगृहं पाहून अनेकांना तसं काही बांधावंसं वाटतं. तिथे थंडी अडवायची असते. आपल्याकडे ऊन आणि पाऊस अडवायचा आहे. चारही बाजूंनी बंद प्लास्टिकच्या घरात मार्चच्या दुपारी रोपंही होरपळतात आणि मुलांना आत उभंही राहवत नाही. मोठ्या पॉलिहाऊसमध्ये वरून हवा जायची सोय, फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे), पंखे असतात. त्यांची देखभाल शाळेच्या आवाक्यात नसते. ५० टक्के सावलीचं लहान शेडनेट मात्र वर्षभर कामी येतं: रोपवाटिका, उन्हाळ्यात पालेभाजी, आणि वर्गाला बसायला जागा.

सांगाडा २.७ × ६ मीटरचा करा. जाळी ३ मीटर रुंदीत सहज मिळते, त्यामुळे दोन्ही कडांना १५ सेंटिमीटर दुमडायला उरते. जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) ६ मीटरच्या लांबीत येतो. ४० मिलिमीटरचे तीन पाइप मधोमध कापले की ३ मीटरचे सहा खांब होतात. ६० सेंटिमीटर जमिनीत, २.४ मीटर वर. वरच्या दोन लांब आडव्या दांड्यांना २५ मिलिमीटरचे दोन पाइप, आणि तीन आडव्या तुळ्यांना आणखी दोन. एकूण सात पाइप. खड्डे ३० × ३० × ६० सेंटिमीटरचे, काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). सहा खड्ड्यांना मिळून दोन पोती सिमेंट लागतं. बांबू स्वस्त पडतो, पण थेट मातीत पुरला तर एक-दोन पावसाळ्यांत जमिनीलगत कुजतो. बांबूच वापरायचा असेल तर पाइपचा तुकडा काँक्रीटमध्ये बसवा आणि बांबू त्यात उभा करा.

जाळी कडेला दुहेरी दुमडून त्या दुमडीतून नायलॉनची दोरी ओवा आणि दर ३० सेंटिमीटरवर पाइपला बांधा. जाळीला सरळ भोक पाडून तार घातली तर पहिल्या वादळात ती तिथूनच फाटते. ढोलकीसारखी ताणूही नका. उन्हाने जाळी आक्रसते, थोडी ढील हवी. बाजूची जाळी फक्त पश्चिमेला सोडा, दुपारचं तिरपं ऊन तिथूनच येतं. बाकी बाजू उघड्या, वारा खेळता. ७५ टक्क्यांची जाळी घेण्याचा मोह टाळा. मुलांना गार वाटतं, पण रोपं उजेडासाठी उंच, बारीक, पिवळट होतात आणि बाहेर लावताच मान टाकतात.

वळवाची वादळं मेमध्ये येतात आणि तेव्हा शाळेत कोणी नसतं. एप्रिलचा शेवटचा दिवस म्हणजे वरची जाळी सोडून, गुंडाळून, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेवण्याचा दिवस.

जाळी पाऊस अडवत नाही. उलट वरून मोठे थेंब टपकतात आणि कोवळी रोपं मातीने माखतात. जुलैतल्या रोपवाटिकेवर वाकवलेल्या पाइपांवर २०० मायक्रॉनचा यूव्ही (उन्हात टिकणारा) प्लास्टिक कागद कमानीसारखा टाका, दोन्ही तोंडं उघडी ठेवा. एवढंच आपलं हरितगृह. त्याच्या आत आणि बाहेर एक-एक तापमापक लावला तर ‘हरितगृह परिणाम’ पाठ करायची गरज राहत नाही. दुपारी १२ वाजता दोन्ही आकडे वाचा, मग एक तोंड बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा वाचा. शेडनेटखाली वेगळंच दिसतं: हवेचं तापमान थोडंच उतरतं, पण मातीचं, ५ सेंटिमीटर खोलीवर, खूप उतरतं. मुलांना याचं कारण शोधू द्या, लगेच सांगू नका.

काय लावायचं, केव्हा

बहुतेक जिल्ह्यांत शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीस. पहिल्या आठवड्यात माती आणि खत, दुसऱ्यात पेरणी. सुरुवात भेंडी, गवार आणि चवळीने करा. बी मोठं, मुलांच्या चिमटीत धरता येतं, उगवण चार ते सात दिवसांत. पहिलं पीक आठवड्याभरात दिसलं पाहिजे, नाहीतर लहान मुलं माती उकरून बी पाहतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, ४५ × ३० सेंटिमीटरवर दोन-दोन बिया टोका, दहा दिवसांनी अशक्त रोप कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याचं मूळ हलतं. भेंडी ४५-५० दिवसांत, गवार आणि चवळी ५०-६० दिवसांत तोडणीला येतात, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास खिचडीत शाळेची भाजी पडते. कुंपणाकडेला मांडव घालून दोडका, काकडी, पडवळ, कारलं सोडा. मेथी आणि कोथिंबीर पावसाळ्यात पेरू नका. मेथी पावसाने कुजते, कोथिंबिरीचं बी वाहून जातं. लाल माठ आणि अंबाडी मात्र छान येतात.

कोकणात जोराच्या पावसात पालेभाजीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. अळू, सुरण, हळद, आलं लावा. माकडांचा उपद्रव असलेल्या गावातही हीच पिकं टिकतात, माकडं ती सहसा सोडून देतात.

दिवाळीचा नियम साधा आहे: कोवळं रोप सुट्टीच्या तीन आठवडे आधी लावा, किंवा सुट्टीनंतर. मधे नाही. टोमॅटो आणि वांगी सप्टेंबरच्या २० तारखेपर्यंत लावून झाली तर सुट्टीपर्यंत मुळं धरतात. नाही जमलं तर रोपं ट्रेमध्येच राहू द्या, आणि ट्रे जवळ राहणाऱ्या दोन मुलांच्या घरी जाऊ द्या. टोमॅटोचं रोप २५ दिवसांत, वांग्याचं ३०-३५ आणि मिरचीचं ३५-४० दिवसांत लावणीला तयार होतं, यावरून पेरणीची तारीख मागे मोजा. ९८ कप्प्यांचा एक ट्रे चार वाफ्यांना पुरून उरतो. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरताना ते पिळल्यावर एखाद-दुसरा थेंबच पडेल इतकंच ओलं असावं. रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडू लागली तर ती बुरशी आहे आणि तिचं कारण जवळपास नेहमी पाण्याचा अतिरेक. मुलं प्रेमाने जास्त पाणी घालतात. ‘आज पाणी घालू नका’ अशी पाटी ट्रेवर लावणंही एका गटाचं काम असू शकतं.

दिवाळीनंतर खरी मजा. मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर, चाकवत. पालकाला ओळीत २० सेंटिमीटर अंतर, एका वाफ्याला ८-१० ग्रॅम बी, पेरण्याआधी १२ तास भिजवून. पहिली कापणी ३०-३५ दिवसांत, बुडापासून ४-५ सेंटिमीटर ठेवून कापलं की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा. धने पेरताना चपलेने हलके रगडून दोन फाळ्या करा, अख्खे पेरलेले उशिरा आणि विरळ उगवतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यानंतर उघड्या वाफ्यात नवीन काही पेरू नका. मार्चमध्ये फक्त बी धरायचं आणि रिकाम्या वाफ्यावर १० सेंटिमीटर पालापाचोळा पसरायचा. उघडी माती मेच्या उन्हात भाजू देऊ नका.

दिवाळीच्या सुट्टीत पाण्यासाठी मडकी पुरा. न भाजलेली नाही, आणि रंगवलेलीही नाही, साधी लाल कुंभारी मडकी, ५-७ लिटरची. गळ्यापर्यंत जमिनीत, तोंडावर पणती झाकून. एका मडक्याचा ओलावा भोवती ३०-४० सेंटिमीटर जातो आणि भरलेलं मडकं तीन ते पाच दिवस पुरतं. म्हणजे तीन आठवड्यांच्या सुट्टीत कोणीतरी चार-पाच वेळा यायला हवंच. नावं आणि तारखा सुट्टीआधी फळ्यावर लिहा. ‘कोणीतरी घालेल’ म्हटलं की कोणी घालत नाही.

बी विकत घेताना

गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं बी मुलांच्या हातात देऊ नका. तो रंग बुरशीनाशकाचा असतो, थायरमसारख्या औषधाचा, आणि मुलं हात तोंडात घालतात. पाकिटावर ‘विष’ किंवा ‘औषध लावलेले’ असं लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. गावातल्या बायकांकडून, आजी-आजोबांकडून मिळालेलं गावरान बी सगळ्यात चांगलं. ते मागायला मुलांना पाठवा, चवळीच्या बियांबरोबर ती कशी करायची हेही त्यांना कळेल.

कुठलंही बी पेरण्याआधी उगवण तपासा. २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून सात दिवस ठेवा, उगवलेल्या मोजून पाचने गुणा, टक्केवारी मिळाली. ६० टक्क्यांखाली आली तर दाट पेरा किंवा बदला. पाचवीच्या मुलांना शेकडेवारी इतक्या लवकर दुसरीकडे कुठे समजत नाही.

किती भाजी मिळते, याचा खरा हिशोब

पोषण आहाराच्या निकषात प्राथमिक वर्गाला माणशी ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकला ७५ ग्रॅम भाजी रोज धरलेली आहे. १०० लहान मुलांना रोज पाच किलो. पालकाचा एक वाफा एका कापणीला किलो-दीड किलो देतो. चार वाफ्यांची बाग शाळेचं पोट भरू शकत नाही, आणि तसं कोणाला सांगूही नका. पहिल्या महिन्यातच निराशा पदरी पडते. बाग जे खरंच देऊ शकते ते वेगळं आहे: रोजची फोडणी. दोन कढीपत्ते, एक लिंबू, एक शेवगा आणि कोथिंबिरीचा एक वाफा एवढ्यावर खिचडीची चव आणि कस वर्षातले बरेच महिने बदलतो. शेवग्याचा पाला आमटीत मूठभर घातला तरी चालतो. झाड दीड मीटरवर छाटत राहा, नाहीतर पाला हाताच्या वर जातो. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, त्यावर चढू देऊ नका. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात आणि त्यांच्या केसांनी अंग सुजतं. म्हणून हे झाड खेळाच्या जागेपासून लांब, कुंपणाकडेला.

मुलांनी स्वतः पेरलेली भाजी ती खातात, घरी नको म्हणणारी मुलंही. पण पहिल्या दिवशी शिजवून देऊ नका. मुळ्याच्या कापाला, काकडीच्या फोडीला मीठ लावून वाफ्याशेजारीच द्या, धुतलेल्या हातांनी. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सुरुवातीपासून सोबत घ्या. कोणती भाजी निवडायला वेळखाऊ आहे हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि शंभर मुलांची मेथी एकटीने निवडावी लागली तर त्या बागेच्या बाजूने राहणार नाहीत. निवडायला वर्ग बसवा.

खत आणि कीड

कंपोस्टचा हौद १ × १ × १ मीटरचा, विटा फटी ठेवून सुक्या रचलेला. तीन घमेली सुका पालापाचोळा, वर एक घमेलं हिरवा कचरा आणि भाजीची देठं, वर ओंजळभर माती, असे थर. शिजलेलं, तेलाचं काही नको. वास आला तर ओल जास्त झाली, सुका पाला मिसळा. मुंग्या आल्या तर कोरडं पडलं, पाणी शिंपडा. पंधरा दिवसांनी एकदा वरखाली केलं तर अडीच-तीन महिन्यांत तयार.

जीवामृत बऱ्याच शाळा करतात. २० लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, १००-२०० ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन. ते जमिनीला द्यायला हरकत नाही, पण पालेभाजीच्या पानांवर फवारू नका. शेणातले जंतू पानावर राहतात आणि ती भाजी मुलं खाणार आहेत.

मुलांच्या बागेत रासायनिक फवारणी अजिबात नको, आणि बहुतेक वेळा लागतही नाही. मावा आला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, उरला तर लिटरला ५ ग्रॅम साध्या साबणाचं पाणी संध्याकाळी मारा. वांग्याचा शेंडा मलूल होऊन झुकला की आत शेंडे पोखरणारी अळी असते. तो शेंडा दोन बोटं खालून खुडून साबणाच्या पाण्यात टाका. चाळीस जोड डोळे आठवड्यातून एकदा फिरले तर फवारणीपेक्षा जास्त काम होतं. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून टांगला की पांढरी माशी चिकटते, आणि दर सोमवारी माश्या मोजून आलेख काढता येतो.

लिंबाच्या एका झाडावरच्या अळ्या मात्र मारू नका. ब्लू मॉरमॉन हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. ते आणि त्याचे भाऊबंद लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालतात. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मोठी होऊन हिरवी होणं, मग कोष, मग फुलपाखरू, हे सगळं एका महिन्याच्या आसपास आणि शाळेच्या वेळेत घडतं.

धोके

कुंपणाला मोगली एरंड लावू नका, असेल तर काढून टाका. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि त्या खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतात. एरंड, लाल आणि पिवळी अशा दोन्ही कण्हेरी, धोतरा, गुंज हीसुद्धा नकोत. काँग्रेस गवत फुलायच्या आत मोठ्यांनी हातमोजे घालून उपटावं. पावसाळ्यात विटा, लाकडं, पाल्याचे ढीग वाफ्यांजवळ नको, साप आणि विंचू तिथेच बसतात. अनवाणी काम नाही. खुरपी बोथट टोकाची, आकड्याने मोजून द्या आणि मोजून परत घ्या. कुदळ आणि पहार फक्त मोठ्यांच्या हातात.

मुलं आणि त्यांचा दिवस

३५ मिनिटांच्या तासिकेत चाळीस मुलांना एकदम वाफ्यावर सोडलं की दहा काम करतात, तीस ढकलाढकली. चार गट करा: दोन मातीत, एक मोजमापावर, एक बागवहीवर. पंधरा मिनिटांनी बदल. मोजणाऱ्या गटाकडे सरळ भिंतींच्या बाटलीचं पर्जन्यमापक द्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळलं की मुलं शाळेच्या छपरावर किती लिटर पडले ते स्वतःच मोजायला लागतात. बागवहीत रोज तीनच गोष्टी: तारीख, काय पाहिलं, काय केलं. रोप मेलं तर तेही लिहायचं, का मेलं असावं यासह. मेलेल्या रोपासाठी कोणाला रागावायचं नाही.

हाताने काम करत शिकण्याची ही कल्पना आपल्याच मातीतली आहे. गांधीजींच्या नई तालीमची मांडणी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत झाली. पण तिचं मोल एका अटीवर टिकतं: बागकाम कधीही शिक्षा म्हणून देऊ नका. उशिरा आलेल्याला, गृहपाठ न केलेल्याला खुरपायला पाठवलं की त्या दिवसापासून खुरपं म्हणजे अपमान होतो. तसंच खोदणं मुलांनी आणि पाणी मुलींनी, असली वाटणी करू नका. गट फिरते ठेवा. ज्यांच्या घरी शेती आहे, ऊसतोडीला किंवा शेतमजुरीला ज्यांचे आई-वडील जातात, ती मुलं वर्गात मागे बसत असतील, इथे त्यांना सगळ्यात जास्त येतं. त्यांना विचारा, त्यांच्याकडून शिका, आणि सगळ्यांसमोर शिका. हा बदल त्या मुलांच्या बसण्याच्या जागेत दिसतो.

अस्वस्थ, चिडलेल्या किंवा गप्प झालेल्या मुलाला बागेत दहा मिनिटं एकट्याचं काम द्या, बोलायला लावू नका. पाणी घालणं, वाळकी पानं काढणं, बी निवडणं अशा कामांना हात लागतात आणि मन निवतं. दृष्टिहीन मुलांसाठी एक वाफा वासाचा करा: पुदिना, गवती चहा, पानांचा ओवा, मरवा, तुळस. वाकता न येणाऱ्यांसाठी ६०-६५ सेंटिमीटर उंच टेबलावर पसरट क्रेट ठेवा, खाली गुडघे जातील अशी जागा सोडून.

एप्रिलचं शेवटचं काम

चवळी, वाल, मेथी, टोमॅटो यांचं बी सहज धरता येतं, कारण त्यांचं परागीकरण बहुतांशी आपल्याच फुलात होतं. दोडका, भोपळा यांचं बी शेजारच्या वेलीशी मिसळतं, ते पुढच्या वर्षी भलतंच निघू शकतं. संकरित बियांचं पुढचं बी धरू नका. चवळीची शेंग झाडावरच वाळू द्या, हातात कट्कन मोडली की काढा. टोमॅटोचा गर दोन दिवस आंबवून धुवा, म्हणजे बियांवरचं चिकट आवरण सुटतं. सगळं सावलीत वाळवून, चाळलेली राख घालून काचेच्या बाटलीत भरा. चिठ्ठीवर पिकाचं नाव, बी धरल्याची तारीख आणि वर्ग लिहा, आणि बाटल्या मुख्याध्यापकांच्या कपाटात वरच्या, गार कप्प्यात ठेवा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात त्यातल्या वीस बिया फडक्यात गुंडाळायच्या.